लग्न कोणी लावलं?

भटजीला तीन हात होते. दोन त्याचे स्वतःचे, गोरे, अक्षता टाकायच्या बेतात वर उचललेले. आणि तिसरा त्याच्या काखेच्या जरा खाली, अंतरपाटाचं टोक घट्ट धरलेला, सावळा, मनगटभर हिरव्या बांगड्या घातलेला. भाविकानं आपल्या लग्नाचा फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. भास होतोय असं तिला आधी वाटलं, कारण गेले दोन महिने तिला सगळ्यातच काही ना काही खोट दिसत होती, अगदी आमटीतसुद्धा. पण हात होता. बाकीची आत्या पुसली गेली होती आणि हात तेवढा राहून गेला होता. मागे सोफ्यावर हिरामण बशीत चहा ओतून फुंकर घालत बसला होता. हिरामण म्हणजे व्हिसाची कामं करून देणारा एजंट; भिवंडीजवळच्या पूर्ण्यात, वडप्यात, पार पडघ्यापर्यंत ज्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली त्या घरांतलं कोणी परदेशी निघालं की त्यालाच बोलावणं जायचं. "झकास काम केलंय का न्हाय पोरानं?" तो म्हणाला. "कोनाचा बाप वलकनार न्हाय. भटजी जसा काय जन्मापासून तिथंच उभा हाय." सासूबाईंनी, जानकीबाईंनी, फोटो तिच्या हातातून घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "शोभून दिसतोय गो बामन." सासरे केसरीनाथ पेपरातून मान वर न काढता हुंकारले. बामण शोभून दिसत होता यात शंका नव्हती. तीन हातांचा असला तरी दिसायला देखणा होता, आणि या घरात एकदा एखादी गोष्ट शोभून दिसली की तिच्याकडे दुसऱ्यांदा कोणी बघत नसे. बोलावं का, असं भाविकाच्या मनात आलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात बाहेर गोदामाच्या फाटकात ट्रेलर मागे घेताना वाजणारी ती रडकी धून सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत भाविकाचा धीर संपून गेला. हिरामणनं फोटो पाकिटात सरकवला. मंगळवारी मुंबईला वकिलातीत मुलाखत होती आणि आज शनिवार होता.

तिचं लग्न मेमध्ये झालं, कामतघरला, तिच्या माहेरच्या गल्लीत, दोन्ही अंगांनी कापडाचे लूम चालू असताना. मालकानं अर्धा तास तरी मशीनं बंद ठेवावीत म्हणून तिचे वडील त्याच्याकडे जाऊन आले होते. तो हो म्हणाला होता आणि अर्थातच विसरला होता. त्या खडखडाटावर राहीबाई आत्यानं आवाज चढवला होता. राहीबाई वडिलांची थोरली बहीण, आणि पंचक्रोशीतली धवलारीण. लग्नात धवले गायचे, तांदळांचा चौक पुरायचा, देवांना आणि दोन्ही घरांच्या गेलेल्या माणसांना नावानं हाका मारून मांडवात बोलवायचं आणि लग्न लावून द्यायचं, हे आगऱ्यांमध्ये धवलारणीचं काम. आता बहुतेक लोक भटजीही बोलावतात, निदान माइकवर मंगलाष्टकं व्हावीत म्हणून. पण आपल्या भाचीचं लग्न आपण लावणार, मध्ये कोणाची लुडबूड नको, हे आत्यानं भाविका परकरात असल्यापासून सांगून ठेवलं होतं. भाविकाची आई गोमती ती सहा-सात वर्षांची असताना वारली. तेव्हापासून लग्नसराईत आत्या जिथे जाईल तिथे भाविका जायची आणि मांडवाच्या कोपऱ्यात तांदळाच्या परातीशेजारी झोपायची. किती लग्नं तिनं अशी झोपेत ऐकली. म्हणून स्वतःच्या लग्नात आपल्याला काही नवीन वाटणार नाही असं तिनं गृहीत धरलं होतं. अंतरपाटाच्या अलीकडे पाटावर उभी असताना तिला समोरचं काही दिसत नव्हतं. फक्त पलीकडून येणारा नव्या कापडाचा आणि कसल्याशा अत्तराचा वास, आणि शेजारी आत्याचा श्वास. मग आत्यानं गावदेवीला बोलावलं, एकवीरेला बोलावलं, केसरीनाथांच्या आजोबा-पणजोबांना बोलावलं, आणि एकदम, चाल न मोडता, "गोमते, ये गो बाय, लेकीच्या लग्नाला ये" असं म्हणाली. भाविका रडली. आवाज न करता, मान खाली घालून. मुंडावळ्या आड होत्या, समोर पडदा होता, लूम चालू होते. कोणाला कळलं नाही याची तिला तेव्हाही खात्री होती. या गर्दीत एवढी एक गोष्ट आपली एकटीची आहे असं तिला त्यानंतर नेहमी वाटत आलं, आणि ती तिनं कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

नवऱ्याला काय सांगितलं होतं तिनं तरी? प्रितेश तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. त्यातला एक आठवडा लग्नाच्या खरेदीत आणि हळदीत गेला, उरलेल्या दिवसांत जेवणावळी. गोदामातला माल सरकत्या पट्ट्यांवरून वाहून नेणारी मशीनं असतात, ती दुरुस्त करणं हे त्याचं काम. पूर्ण्याच्याच एका गोदामात तो ते शिकला आणि तिथून त्याच कंपनीनं त्याला इंग्लंडात धाडला. म्हणजे घराबाहेरचं गोदाम सोडून तो सातासमुद्रापार दुसऱ्या गोदामात गेला होता. रात्री तो थकून झोपायचा आणि ती जागी राहायची, कारण पूर्ण्याच्या त्या नव्या घरात लूमचा आवाज नव्हता आणि तिला आवाजाशिवाय झोप यायची सवय नव्हती. अंधारात त्याच्या पाठीकडे बघताना तिच्या मनात यायचं की हा माणूस भला आहे, आणि मला हा अजिबात माहीत नाही. मग तो गेला. दर रविवारी फोन. हॉलमध्ये, सासूबाई समोर. जेवलात का, थंडी आहे का, कागद कुठवर आले. फोन ठेवला की तिला वाटायचं, आपण एखाद्या कचेरीशी बोललो. तरी तिला जायचं होतं. हे तिला स्वतःलाच विचित्र वाटे, पण जायचं होतं, आणि दिवसेंदिवस जास्त जास्त जायचं होतं. तो माहीत नव्हता म्हणूनच जायचं होतं. इथे राहून तो तिला कधीच कळणार नव्हता. वर्षानुवर्षं तो असा रविवारचा फोनवर येत राहील, दोन वर्षांतून एकदा रजेवर येईल, एखादं मूल होईल, आणि शेवटी आपण दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागणारी अनोळखी माणसं होऊ, अशी तिला भीती वाटे. व्हिसा म्हणजे तिच्या दृष्टीनं परदेश नव्हता. व्हिसा म्हणजे तो.

आणि नेमकं लग्नाच्या दाखल्यात घोडं पेंड खात होतं. नोंदणीच्या कागदावर प्रितेश जाण्याआधी सही करून गेला होता, पण त्यावर लग्न लावणाऱ्याचंही नाव आणि सही लागते. आत्याला सही येत नव्हती. अंगठा चालला असता. कोणी नको म्हटलं नव्हतं. पण त्या आधीच केसरीनाथ म्हणाले होते, "इंग्रजाच्या कचेरीत अंगठा दाखवायचा? हसतील आपल्याला." गोदामांनी त्यांना दोन गाड्या दिल्या होत्या, दिवाणखान्यात झुंबर दिलं होतं आणि हसलं जाण्याची भीती दिली होती. हिरामणनं त्यांच्या सुरात सूर मिसळला. "इंग्रजाला भटजी समजतो, दादा. आत्या समजत न्हाय. तो बोलनार, पुजारी कुठं हाय? पुजारी न्हाय म्हंजे लगीन न्हाय, नुस्तं व्हिसासाठी नाटक." मग पडघ्याचे एक पाध्ये भटजी निघाले, ज्यांनी भाविकाला जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांची सही आली, दाखला निघाला. दाखल्यात भटजी आले म्हटल्यावर फोटोत भटजी हवेत. फोटोत तर आत्या. अशा रीतीनं एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं खोटं आणलं गेलं, आणि भाविका हे सगळं होत असताना चहा आणून देत होती. ती बालवाडीत शिकवायची लग्नाआधी. खोटं बोललं की कोपऱ्यात उभं राहायचं, असा तिच्या वर्गाचा नियम होता. "प्रितेशला तर सांगायला हवं ना," ती एकदाच म्हणाली होती. हिरामणनं एकदम बोट ओठांवर ठेवलं. "फोनवर एक अक्षर न्हाय! व्हिसाचं काम चालू असलं ना ताई, की ते फोन ऐकतात. माझ्या दोन केसी अशाच गेल्या. लग्नाचा ल काढायचा न्हाय फोनवर." हे कोण ऐकतं, कुठून ऐकतं, आगरी बोली त्यांना कळते का, हे कोणी विचारलं नाही. जानकीबाईंनी तर त्या दिवसापासून फोनवर रडणंही बंद केलं.

त्या तिसऱ्या हातामुळे रविवारी तिला अन्न गेलं नाही. फोन आला तेव्हा ती रिसीव्हर धरून बसली आणि प्रितेश पलीकडे म्हणाला, "मंगलवारी हाय ना? नीट जा." "हो," ती म्हणाली. "घाबरू नको. जे हाय ते सांगायचं." "हो." मग तो काही तरी बोलणार असा थांबला. तीही थांबली. त्या थांबण्यात इतकं काही भरलेलं होतं की तिला वाटलं तारच तुटेल. पण जानकीबाईंनी पुढे होऊन रिसीव्हर घेतला आणि थंडी आहे का असं विचारलं. सोमवारी सकाळी माहेरी जाऊन येते असं सांगून तिनं रिक्षा केली आणि भिवंडीत, तो फोटो जिथे केला होता त्या स्टुडिओत गेली. संगणकापुढचा पोरगेला माणूस तिचं ऐकून ओशाळला. "हात राहिला काय? सॉरी मॅडम, लाइट गेली होती बीच में." त्यानं फोटो उघडला. मोठा केला. तो हात पडदाभर झाला, आत्याच्या बोटाला असलेली भाजल्याची जुनी खूण, नखात अडकलेला हळदीचा पिवळा रंग, सगळं. मग तो माणूस एका छोट्याशा गोलानं तो हात खाऊ लागला. आधी बांगड्या, एकेक करून. मग मनगट. मग अंगठा. त्या जागी तो शेजारचं कापड आणून चिकटवत होता. भाविका खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला थांबवता आलं असतं. असू दे, आहे तसाच द्या, मूळचा काढून द्या, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मूळचा घेऊन घरी गेलं की दाखला खोटा ठरणार, दाखला खोटा ठरला की अर्ज खोटा, अर्ज खोटा की एकदा पकडलेल्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत; आणि मग रविवार, रविवार, रविवार. ती नुसती बघत राहिली. शेवटी तिथे कापडच कापड झालं, सुरकुतीसुद्धा छान जमली होती. "अब देखो," तो अभिमानानं म्हणाला. आणि तिला त्या क्षणी स्वच्छ लाज वाटली, हिरामणची नाही, सासऱ्यांची नाही, स्वतःची. शनिवारचं पाप दुसऱ्यांनी केलं होतं. हे तिनं रिक्षाचं भाडं भरून, स्वतः येऊन केलं होतं.

घरी परतली तर ओट्यावर आत्या. पायाशी पिशवी, पिशवीत तांदळाच्या पापड्या आणि सुकटीची पुडी, इंग्लंडात न्यायला. "उद्या हाय न तुजं? म्हनून आलूं," आत्या म्हणाली. भाविकानं नव्या फोटोचं पाकीट पदराखाली घ्यायला पाहिलं. पण तिचं ते लपवणं इतकं ढोबळ होतं की आत्यानं हात पुढे केला. तोच हात. भाविकानं पाकीट दिलं. जानकीबाई दारात आल्या आणि तिथेच थिजल्या. आत्यानं फोटो मांडीवर ठेवला, डोळे बारीक करून बघितला, भाविकाला शोधलं, तिच्या वडिलांना शोधलं, स्वतःच्या जागेवर येऊन थांबली. ओट्यावरून मुंग्यांची रांग चालली होती, त्यात एक मुंगी तांदळाची कणी ओढत होती. भाविकानं तिच्यावर नजर ठेवली. "यो कोन?" आत्यानं विचारलं. शेवटी जानकीबाई म्हणाल्या, "सायबाला दाखवाया केलाय, विहीनबाय. त्यांना आपलं कलत न्हाय." आत्या आणखी बघत राहिली. आणि मग हसली. "बरा हाय. माज्यापरास गोरा हाय." तिनं फोटो पदरानं पुसून परत दिला. "कोन इचारील त त्याचंच नाव सांग पोरी. अडखलू नको. माजं काय, मी त हायच." भाविकाला वाटलं तिनं चिडावं. शिव्या घालाव्यात, पिशवी घेऊन चालू लागावं. आत्या शिव्या देण्यात कोणाला हार जाणारी नव्हती. एकदा मांडवात दारू पिऊन आलेल्या वरबापाला तिनं लग्न थांबवून अशा शिव्या घातल्या होत्या की तो मुकाट्यानं घरी जाऊन झोपला होता. पण ती चहा प्यायली, जानकीबाईंशी भाताच्या भावाबद्दल बोलली आणि शेवटच्या जीपनं जाते म्हणून उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून थोडी थांबली आणि पाकिटाकडे बघून, कोणालाच उद्देशून नाही असं, म्हणाली, "तो गातो काय पन?"

मंगळवारी ती काचेसमोर बसली. काचेच्या पलीकडे एक तरुण गोरी बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि तिच्या शेजारी दुभाषी, पुस्तकातली मराठी बोलणारी चाळिशीची बाई. प्रश्न सोपे होते. नवरा कुठे राहतो, काय काम करतो, त्याच्याबरोबर घरात कोण आहे. भाविकाला सगळं येत होतं. आपल्याला इतकं येतं हे बघून तिला थोडं नवलच वाटलं. रविवारचे ते कचेरीसारखे फोन आता कामाला येत होते. त्याला मासे आवडतात पण काटे काढायचा कंटाळा येतो, असंही ती म्हणाली, आणि दुभाषी बाईनं ते सांगितल्यावर गोरी बाई किंचित हसली. मिळेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि वाटल्याबरोबर तिला एका अनोळखी स्वयंपाकघरात ताटलीतल्या माशाचे काटे काढत बसलेली ती स्वतः दिसली, समोर तो. "आपलं लग्न कोणी लावलं?" दुभाषी बाई म्हणाली. किती साधा प्रश्न. "भटजींनी," भाविका म्हणाली. "नाव?" "दामोदर वामन पाध्ये." अडखळली नाही. गोऱ्या बाईनं फोटो वर काढला, भटजीवर बोट ठेवलं. "हेच?" "हो." "आणखी कोणी होतं विधी करायला?" इथे एक दार उघडं होतं, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला फक्त हिरामणचं बोट दिसलं, ओठांवरचं. "नाही," ती म्हणाली.

गोऱ्या बाईनं पेन खाली ठेवलं. ती आता हसत नव्हती, पण रागावलीही नव्हती. ती दमल्यासारखी दिसत होती. समोरच्या कागदावरून ती हळूहळू, वाक्यावाक्याला थांबत बोलू लागली, आणि दुभाषी बाई तिच्यामागून. "आम्ही गेल्या आठवड्यात तुमच्या पतींशी दूरध्वनीवर बोललो. त्यांनाही हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, लग्न पत्नीच्या आत्यानं लावलं. धर्मगुरू नव्हते. आत्या गात होती. आजूबाजूला यंत्रांचा आवाज होता, म्हणून ती फार मोठ्यानं गात होती." दुभाषी बाई थांबली, पुढचं इंग्रजी ऐकलं, आणि तिचा आवाज का कोण जाणे जरा खाली आला. "ते म्हणाले, आत्यानं मेलेल्या माणसांना बोलावलं. तुमच्या आईलाही बोलावलं. मध्ये पडदा होता, त्यांना तुमचा चेहरा दिसत नव्हता. पण पडद्याखालून पाय दिसत होते. आईचं नाव घेतल्यावर तुमच्या पायाची बोटं एकदम आत वळली. त्यावरून त्यांना समजलं की तुम्ही रडताय."

भाविकानं काचेला हात लावला. तिला काहीतरी धरायला हवं होतं. त्याला कळलं होतं. आठ महिने तो हे बाळगून होता, आणि त्यानं ते कोणाला सांगितलं तर एका परक्या बाईला, फोनवर, बायकोला व्हिसा मिळावा म्हणून. आणि ती त्याच्या पाठीकडे बघत, हा मला माहीत नाही, हा मला माहीत नाही, असं घोकत जागी राहिली होती. तिच्या अंगातून गरम काहीतरी वर चढलं, सुख होतं ते, ऐन त्या ठिकाणी, सगळं हातातून जात असताना. "आपण दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत," दुभाषी बाई म्हणत होती. "त्या विचारतायत, दोघांपैकी खरं कोण बोलतंय?" वाट अजून होती. हिरामणनं तीही शिकवून ठेवली होती: नवऱ्याचं आणि तुमचं जुळलं नाही तर नवरा विसरला म्हणायचं, पुरुषांना काय लक्षात राहतं, दाखला दाखवायचा, फोटो दाखवायचा, कागद आपल्या बाजूनं हाय. कागद खरोखरच तिच्या बाजूनं होता. सही, शिक्का, गोरा भटजी, नीट जमलेली सुरकुती. प्रितेशच्या बाजूनं काहीच नव्हतं, फक्त त्याला आठवत होतं. त्याला विसराळू ठरवलं की कदाचित ती उद्या-परवा त्याच्याकडे जाऊ शकली असती. कदाचित. गोरी बाई वाट बघत होती. तिला मुलगी असेल का, असा एक भलताच विचार भाविकाच्या डोक्यात येऊन गेला. "ते," ती म्हणाली. दुभाषी बाईला ऐकू गेलं नाही. "ते खरं बोलतायत," भाविका म्हणाली, आता एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या काचेसमोरचा माणूस वळला. "माझे मिस्टर. भटजी नव्हतेच. माझ्या आत्यानं लावलं लग्न. हा फोटो करून घेतलेला आहे. मी स्वतः जाऊन करून घेतलाय."

त्यानंतर जे झालं ते फार शांतपणे झालं. अर्ज नामंजूर होईल, पुन्हा करता येईल, पण खोटा पुरावा दिल्याची नोंद राहील आणि पुढचं सोपं नसेल, असं दुभाषी बाईनं तिला समजावून सांगितलं आणि शेवटी, स्वतःच्या पदरचं, "पाणी हवंय का?" असं विचारलं. भाविका नको म्हणाली. बाहेर केसरीनाथ गाडीत बसून होते. त्यांच्याकडे न जाता ती उलट्या बाजूला वळली आणि कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये शिरली. नंबर तिला पाठ होता, पण तिनं स्वतः तो कधीच फिरवला नव्हता. घंटा वाजत राहिली. मग तो. मागे यंत्रांची घरघर होती.

"भाविका? तू? मिलाला?"

"नाही."

पलीकडे घरघर जरा लांब गेली. तो बहुतेक बाहेर आला. "का?"

"तुम्हाला फोन आला होता त्यांचा?"

"आलता. लगीन कसं झालं इचारत होती एक बाई."

"मला का नाही सांगितलंत?"

"हिरामण बोलला व्हता, फोनवर लग्नाचा ल पन काढू नको, ते ऐकतात. रविवारी सांगनार व्हतो, मंग बोल्लो, नको, उगाच तुजं काम बिघडायचं." तो थांबला. "मी काय चुकीचं बोल्लो काय गो? मी त तुला मिलावा म्हनून एकेक आठवून सांगितलं."

तिला हसू आलं आणि ते वर येता येता रडणं होऊन आलं. बूथवाल्यानं नजर दुसरीकडे वळवली. "मी भटजी सांगितला," ती म्हणाली.

तो चिडेल, असं तिला वाटलं. मग त्याचा आवाज आला, नुसता गोंधळलेला, निर्मळ. "कुठला भटजी?"

"कुठलाच नाही," भाविका म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. रस्त्यापलीकडे केसरीनाथ गाडीतून उतरून तिला शोधत होते. "काय काय सांगितलंत त्या बाईला? मला सांगा."

"आता? मी ड्युटीवर हाय."

"आता. सगळं सांगा. पहिल्यापासून."

"पयल्यापासून म्हंजे," तो घसा खाकरून म्हणाला, "पयलं म्हंजे, तुमच्या गल्लीन शिरलो तवा मी जाम घाबरलो व्हतो."